संशोधक नावाचा 'विद्यार्थी'

डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात, विधान परिषदेत, संशोधकांच्या अधिछात्रवृत्तीचा विषय निघाला असता 'पीएच.डी. करून काय दिवे लावणार?' अशा आशयाचा प्रश्न सत्ताधारी बाकांवरून विचारला गेला. त्यावर व्हायचा तो गदारोळ झाला आणि यथावकाश विषय मागे पडला. तो प्रश्न कोणी विचारला यात आम्हांस रस नाही. आम्हांस रस आहे तो भाषेत. 'दिवे लावणे' हा मराठीतला मोठा चमत्कारिक वाक्प्रचार आहे. वाच्यार्थ घ्यावा तर उजेड करण्याचे काम. पण तो वाच्यार्थाने कोणी वापरीत नाही. पोराने बापाचे नाव घालवले की त्याने 'दिवे लावले' असे आपण म्हणतो. ज्याच्याकडून उजेडाची अपेक्षा होती त्यानेच ती फोल ठरवली, ही बोच त्या उपरोधात असते. एरवी 'ज्ञानाचे उपासक', 'विज्ञानाचे तपस्वी' अशी विशेषणे संशोधकांच्या गळ्यात घालणाऱ्या समाजाला, पैशाचा विषय निघताच, नेमका हाच वाक्प्रचार आठवावा हे आम्हांला अर्थपूर्ण वाटते.

आमचे म्हणणे असे, की ही स्तुती आणि ही हेटाळणी यांत विरोध नाही; दोन्ही एकाच समजुतीवर उभ्या आहेत. ती समजूत अशी : तरुण संशोधक जे करतो ते 'काम' नव्हे. ती साधना असेल, शिक्षण असेल, आवड असेल, फार तर हौस असेल. पण काम नव्हे. आणि जे काम नव्हे त्याचा मोबदला हा मोबदला नसून अनुग्रह असतो. अनुग्रह केव्हा करावा, किती करावा आणि केव्हा थांबवावा, हे देणाऱ्याच्या मर्जीवर.

साहित्याच्या पानांवर प्रयोगशाळेतल्या संशोधकांचे हे गाऱ्हाणे कशासाठी, अशी शंका वाचकांस येईल. आपल्या शाखेतील दुःखे आपल्याला तोंडपाठ आहेत : तासिका तत्त्वावरील नेमणुका, सुट्टीच्या महिन्यांत बंद होणारे मानधन, वर्षानुवर्षे निघत नसलेल्या जाहिराती. परंतु आपल्याच आवारात, पलीकडच्या इमारतीत, काय चालते हे आपल्याला फारसे माहीत नसते. विज्ञानवाल्यांकडे पैसा आहे, उपकरणे आहेत, परदेशाची दारे उघडी आहेत, असा एक समज आपल्यात रूढ आहे. तो तपासून पाहावा, हा एक हेतू. दुसरा असा, की हा प्रश्न बऱ्याच अंशी शब्दांचा आहे आणि शब्दांची चिकित्सा हा आपला व्यवसाय आहे.

आधी वस्तुस्थिती पाहू. समजा, नांदेडची किंवा चंद्रपूरची एखादी मुलगी रसायनशास्त्रात किंवा जीवशास्त्रात एम.एस्सी. झाली, राष्ट्रीय पात्रता परीक्षेत वरच्या श्रेणीत उत्तीर्ण झाली आणि पुण्यामुंबईच्या एखाद्या संस्थेत पीएच.डी.साठी दाखल झाली. म्हणजे आपल्या व्यवस्थेच्या दृष्टीने ही भाग्यवंतांपैकी एक. तिला पहिली दोन वर्षे कनिष्ठ आणि पुढची तीन वर्षे वरिष्ठ संशोधक म्हणून अधिछात्रवृत्ती मिळते. कनिष्ठ अधिछात्रवृत्तीची रक्कम २०१० साली दरमहा १६,००० रुपये झाली, २०१४ मध्ये २५,०००, २०१९ मध्ये ३१,००० आणि जानेवारी २०२३ पासून ३७,००० रुपये. वरिष्ठांसाठी शेवटचा आकडा ४२,०००. घरभाडे भत्ता वेगळा. आकडे सुट्टे पाहिले तर वाईट दिसत नाहीत, आणि बाहेरच्या माणसाचे बोट नेमके तेथेच थांबते. पण हे आकडे ज्या वर्षांखाली लिहिले आहेत ती वर्षे वाचावीत. शासकीय कर्मचाऱ्याचा महागाई भत्ता दर सहा महिन्यांनी, जानेवारी आणि जुलैपासून, सुधारला जातो. त्यासाठी कोणाला रस्त्यावर बसावे लागत नाही. संशोधकाची रक्कम मात्र चार-चार, पाच-पाच वर्षे गोठलेली असते आणि ती वितळण्यासाठी प्रत्येक वेळी निवेदने, मोर्चे, धरणे यांची धग लागते. २०१८-१९ च्या हिवाळ्यात देशभरातील संशोधक प्रयोगशाळा सोडून रस्त्यावर आले होते. दरम्यान भाडे, खाणावळ आणि रेल्वेचे तिकीट कोणासाठी थांबत नाही.

शिवाय रक्कम ठरणे वेगळे आणि ती हाती पडणे वेगळे. पैसा दिल्लीहून निघतो. संस्थेने आधीच्या हप्त्याचे विनियोग प्रमाणपत्र पाठवावे लागते, उपस्थितीची खात्री दरमहा पोर्टलवर नोंदवावी लागते, मार्गदर्शकाची सही लागते, वित्त विभागाची मंजुरी लागते. या साखळीतील एक कडी निसटली की महिनोन्महिने काही येत नाही. फेब्रुवारी २०१९ चे वेतन देताना मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेसारख्या नामवंत संस्थेलाही निधीअभावी कर्मचाऱ्यांना व विद्यार्थ्यांना आधी निम्मीच रक्कम द्यावी लागली होती. ज्या संस्थेचे नाव घेऊन आपण छाती पुढे काढतो तिची ही स्थिती, तर जिल्ह्याच्या ठिकाणच्या विद्यापीठाबद्दल काय बोलावे! थकलेली रक्कम पुढे एकरकमी मिळते हे खरे; पण घरमालक थकबाकीवर विश्वास ठेवीत नाही. या मधल्या काळात ज्याच्या घरून पैसे येतात तो टिकतो, आणि ज्याला घरी पैसे पाठवायचे असतात तो नोकरी शोधू लागतो. गुणवत्तेच्या नावाने घेतलेल्या परीक्षेनंतरची ही दुसरी, अलिखित परीक्षा आहे आणि ती आर्थिक ऐपतीची आहे.

हे झाले भाग्यवंतांचे. ज्यांना ही अधिछात्रवृत्ती नाही त्यांची संख्या मोठी आहे. केंद्रीय विद्यापीठांत 'नेट' नसलेल्या पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना दरमहा ८,००० रुपये देण्याची योजना होती; ऑक्टोबर २०१५ मध्ये अनुदान आयोगाने तीही बंद करण्याचे ठरवले, तेव्हा दिल्लीत आयोगाच्या दारात विद्यार्थी दिवसेंदिवस ठाण मांडून बसले आणि मग ती चालू राहिली. अल्पसंख्याक समाजांतील संशोधकांसाठीची मौलाना आझाद राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती डिसेंबर २०२२ मध्ये बंद झाल्याचे लोकसभेत सांगण्यात आले. महाराष्ट्रात बार्टी, सारथी, महाज्योती या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्यांसाठी विद्यार्थ्यांना पुन्हा पुन्हा उपोषणाला बसावे लागले आहे. या संस्थांमुळे ज्यांच्या घरात आजवर कोणी पदवीधरही नव्हते अशी मुले संशोधनाकडे वळली, ही फार मोठी गोष्ट आहे. म्हणूनच त्यांची रक्कम अडते तेव्हा वर्तमानपत्रातील बातमीपेक्षा बरेच जास्त काही अडत असते.

आता नियमांकडे पाहू. प्रबंध पाच-सहा वर्षांचा. नियमांचे आयुष्य त्याहून कमी. २०१८ च्या नियमावलीने सांगितले, की विद्यापीठांत सहायक प्राध्यापक होण्यासाठी जुलै २०२१ पासून पीएच.डी. अनिवार्य. मग ती मुदत जुलै २०२३ पर्यंत लांबली. आणि ती तारीख आली तेव्हा अटच काढून टाकण्यात आली. नेट-सेट पुरेशी ठरली. शोधनिबंध कोठे छापावा यासाठी २०१९ मध्ये 'केअर' यादी आली. २०२५ मध्ये ती रद्द झाली. प्रबंध सादर करण्यापूर्वी शोधनिबंध छापून आलेला असण्याची सक्ती होती. २०२२ च्या नियमावलीने ती काढली. एम.फिल. ही पदवीच संपली. यांतले काही बदल चांगले आहेत, हे आम्ही मान्य करू. परंतु २०१९ साली प्रवेश घेतलेल्या मुलाच्या बाजूने पाहिले तर खेळ चालू असताना सीमारेषा हलवण्याचाच हा प्रकार आहे. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात तर प्रयोगशाळेतील रसायनांवरील आयात शुल्क १० टक्क्यांवरून थेट १५० टक्के झाले, आणि ओरड झाल्यावर स्वतःच्या वापरासाठी आणणाऱ्यांपुरते पूर्ववत करण्यात आले. ज्यांचा प्रयोग त्या बाटलीवाचून अडला असेल त्यांच्या पाच वर्षांच्या घड्याळातून ते दिवस कोणी वजा केले नाहीत.

घड्याळाचा मुद्दा महत्त्वाचा आहे. आपल्या शाखेत ग्रंथालय बंद झाले तर आपण घरी वाचतो. प्रयोगशाळेत पेशी मरतात, उंदीर म्हातारे होतात, एकच उपकरण दहा जणांत वाटलेले असल्याने रात्री दोनची पाळी मिळते. टाळेबंदीच्या २०२० साली अनेकांना जोपासलेले नमुने टाकून द्यावे लागले. निसर्ग प्रश्नाला केव्हा उत्तर देईल हे संशोधकाच्या हाती नसते; अधिछात्रवृत्ती मात्र पाचव्या वर्षाच्या शेवटच्या तारखेला संपते. सहाव्या वर्षी काम चालूच राहते, मोबदला थांबतो. प्रबंध लिहिण्याचे जे सर्वांत अवघड वर्ष, तेच बिनपैशाचे, अशी ही रचना आहे.

आणि पीएच.डी. झाल्यावर? आपल्याकडे कोणी 'डॉक्टर' झाले की पेढे वाटतात. त्यापुढचा भाग घरच्यांना समजावून सांगणे कठीण असते. पुढे 'पोस्टडॉक' नावाचा एक लांबलचक बोळ सुरू होतो. वयाची तिशी आलेली असते. रिसर्च असोसिएट म्हणून २०२३ च्या दराने दरमहा ५८,००० ते ६७,००० रुपये मिळतात. सातव्या वेतन आयोगानुसार सहायक प्राध्यापकाचे नुसते मूळ वेतनच ५७,७०० पासून सुरू होते. त्यावर महागाई भत्ता, वार्षिक वेतनवाढ, निवृत्तिवेतन योजनेतील वाटा आणि मुख्य म्हणजे उद्याची खात्री. संशोधक सहयोग्याकडे यांतले काही नाही; दर वर्षी मुदतवाढीचे पत्र. राष्ट्रीय पोस्टडॉक्टरल अधिछात्रवृत्ती दोन वर्षांची, तिला पस्तिशीची वयोमर्यादा. इन्स्पायर फॅकल्टीसारख्या मानाच्या योजनाही पाच वर्षांच्या करारावर. अनेक संस्थांच्या जाहिरातींत पस्तिशीच्या आतील उमेदवारास पसंती असते. म्हणजे एका बाजूने अनुभव वाढवा, परदेशात राहून या, असे सांगायचे आणि दुसऱ्या बाजूने वय मोजीत राहायचे. ज्या वयात लग्न, मूल, म्हाताऱ्या आईवडिलांचे दुखणे हे सर्व एकदम दारात उभे राहते, त्याच वयात ही फिरस्ती. यात कोण गळते हे सांगायला संख्याशास्त्र नको. पीएच.डी.च्या काळात स्त्रियांना २४० दिवसांपर्यंतची मातृत्व व बालसंगोपन रजा आणि दोन वर्षांची वाढीव मुदत नियमावलीने दिली, हे चांगलेच झाले. पण पीएच.डी.नंतरच्या त्या बोळात दोन कराराच्या मधल्या महिन्यांत मूल झाले तर त्या स्त्रीची नोंद कोणत्याच रजिस्टरात नसते.

नेमाड्यांचा चांगदेव पाटील आपण वर्गात शिकवतो. 'बिढार', 'जरीला', 'झूल' यांत गावोगावच्या कॉलेजांतून बिऱ्हाड हलवीत राहणारा तो प्राध्यापक एका पिढीच्या अस्थैर्याचे रूप झाला. प्रयोगशाळेतल्या चांगदेवाची कादंबरी मराठीत आमच्या वाचनात नाही. आपल्या विज्ञानकथेतील शास्त्रज्ञ बहुधा आधीच शास्त्रज्ञ झालेला असतो. त्याला पगार कोण देतो, तो कोणत्या चाळीत राहतो, त्याचा करार केव्हा संपतो, हे कथेला लागत नाही. त्याच्या हातून घडणारा शोध तेवढा लागतो. ही त्या वाङ्मयप्रकाराची निवड आहे आणि तिच्याबद्दल आमची तक्रार नाही. पण त्यामुळे एक प्रतिमा पक्की झाली, की शास्त्रज्ञाला देह नसतो, नुसती बुद्धी असते.

या प्रतिमेची मुळे जुनी आहेत. सुख आणि विद्या यांचे वैर सांगणारे सुभाषित आपण शाळेतच पाठ केलेले असते. माधुकरी मागून, वार लावून जेवून, रस्त्यावरील दिव्याखाली अभ्यास करून मोठ्या झालेल्या माणसांची चरित्रे ही आपली आदर्श चरित्रे. त्या माणसांच्या जिद्दीबद्दल आम्हांस आदरच आहे. परंतु चरित्र ज्यांचे लिहिले जाते ते पोहोचलेले असतात. वाटेत जे थांबले त्यांचे चरित्र कोण लिहिणार? दारिद्र्यावर मात करून कोणी मोठा झाला यावरून दारिद्र्य मोठे करते असा निष्कर्ष काढणे हा तर्कदोष आहे, आणि आपल्या विद्याव्यवहाराचा बराचसा भाग या तर्कदोषावर चाललेला आहे.

ज्यांना आपण मोठे मानतो त्यांच्याच आयुष्यांकडे या दृष्टीने पाहावे. दुर्गाबाई भागवतांना साहित्याचा प्रत्येक विद्यार्थी ओळखतो. तरुणपणी आदिवासींच्या जीवनाचा अभ्यास करीत मध्य प्रदेशात हिंडताना झालेल्या विषबाधेने त्यांना पुढे काही वर्षे अंथरुणास खिळवले. त्यांची धाकटी बहीण कमला, पुढच्या कमला सोहोनी. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची पदवी उत्तम रीतीने मिळवून बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्या गेल्या, तेव्हा संचालक सी. व्ही. रामन यांनी स्त्री म्हणून प्रवेश नाकारला. कमलाबाई हटल्या नाहीत, तेव्हा प्रवेश मिळाला तो अटींवर : पहिले वर्ष परिवीक्षेचे, मार्गदर्शक सांगतील त्या वेळी, रात्रीसुद्धा, काम करावयाचे, आणि आपल्या वावराने तेथील पुरुषांचे लक्ष विचलित होऊ द्यावयाचे नाही. १९३९ मध्ये त्यांनी केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. ही कथा आपण जिद्दीची कथा म्हणून सांगतो. ती तशी आहेच. पण ती 'अटींवरील प्रवेशा'चीही कथा आहे, आणि तो भाग आपण सहसा वगळतो. दामोदर धर्मानंद कोसंबींचे उदाहरणही असेच. प्राचीन भारताच्या इतिहासलेखनाला वेगळे वळण देणारा हा गणितज्ञ. १९६२ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेने त्यांचा करार पुढे चालू ठेवला नाही. कोसंबींसारख्या प्रस्थापित माणसाबाबत जे होऊ शकते ते तिशीतल्या निनावी संशोधकाबाबत किती सहज होत असेल, याचा अंदाज बांधता येतो.

आता शब्दांकडे येतो. 'अधिछात्रवृत्ती' या शब्दात छात्र आहे. 'विद्यावेतन' या शब्दात वेतन आहे खरे, पण ते विद्येच्या आड लपलेले. 'मार्गदर्शक' या शब्दात वाट दाखवणारा आहे, वरिष्ठ अधिकारी नाही. प्रत्यक्षात तो दोन्ही असतो. शोधनिबंधावर कोणाचे नाव आधी, प्रगती अहवालावर सही केव्हा, पुढच्या जागेसाठी शिफारसपत्र कसे, हे सर्व एका माणसाच्या हाती असते. बहुसंख्य मार्गदर्शक भले आहेत; पण व्यवस्थेची परीक्षा भल्या माणसांवरून होत नाही. कारखान्यातल्या कामगाराला वरिष्ठाविरुद्ध कोठे जायचे हे कायदा सांगतो. शिष्याने गुरूविरुद्ध कोठे जावे हे आपली परंपराही सांगत नाही आणि विद्यापीठेही, अपवाद वगळता, सांगत नाहीत.

'विद्यार्थी' की 'कर्मचारी' हा वाद केवळ पारिभाषिक नाही, हे दाखवणारी एक घटना सांगतो. डिसेंबर २००८ मध्ये अमेरिकेत, लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत, हवेशी संपर्क येताच पेट घेणारे एक रसायन हाताळताना २३ वर्षांची एक संशोधन सहायक भाजली. तिच्या अंगावर संरक्षक कोट नव्हता. जानेवारी २००९ मध्ये ती गेली. ती पगारी कर्मचारी होती, म्हणून राज्याच्या कामगार सुरक्षा यंत्रणेला चौकशी करता आली, विद्यापीठाला दंड झाला आणि प्रयोगशाळेच्या प्रमुखावर फौजदारी खटला उभा राहिला. २०१४ मध्ये तो तडजोडीने थांबला. ती नुसती विद्यार्थिनी असती तर, त्याच टेबलाशी, त्याच बाटलीने, तितकीच भाजली असती. पण तो कायदा तिच्यापर्यंत पोहोचेल याची खात्री नव्हती. एका शब्दाचा फरक पडतो तो असा.

म्हणून जगभर हा शब्द बदलण्याची खटपट चालू आहे. नेदरलँड्स, नॉर्वे, स्वीडन येथे पीएच.डी. करणारा बहुधा विद्यापीठाचा नोकर असतो. त्याला करारपत्र, रजा आणि सामाजिक सुरक्षा असते. अमेरिकेत २०२२ च्या अखेरीस कॅलिफोर्निया विद्यापीठातील सुमारे ४८,००० शैक्षणिक कर्मचाऱ्यांनी, म्हणजे संशोधक, पोस्टडॉक, शिकवणी साहाय्यक यांनी, संप करून वेतनवाढ मिळवली. पण नुसत्या करारपत्राने प्रश्न सुटतो असेही नाही. जर्मनीत संशोधक नोकरच असतात. तरी २००७ च्या तेथील कायद्याने पीएच.डी.पूर्वी सहा आणि नंतर सहा वर्षे तात्पुरत्या करारांची मुभा दिली, आणि २०२१ मध्ये त्याविरुद्ध हजारो संशोधक 'मी हाना' म्हणत समाजमाध्यमांवर उभे राहिले. हाना हे मंत्रालयानेच या व्यवस्थेचे गुण गाण्यासाठी काढलेल्या चित्रफितीतील पात्राचे नाव. सरकारने निर्माण केलेले पात्र पळवून नेऊन त्याच्या तोंडी आपली कैफियत घालणे, हे साहित्याच्या विद्यार्थ्यांना तरी विशेष आवडावे.

आमच्यावर आक्षेप येतील. पहिला : कोणी आमंत्रण दिले होते? आवड म्हणून आलात, मग सोसा. यावर आमचे उत्तर असे, की आवड हा मोबदला बुडवण्याचा परवाना नव्हे. शल्यविशारदालाही शस्त्रक्रियेची आवड असते. दुसरा आक्षेप : पीएच.डी.चा दर्जा घसरला आहे, चोरलेल्या प्रबंधांचा सुळसुळाट आहे, त्यावर पैसा का उधळावा? दर्जा घसरला आहे, हे आम्हांला आतून दिसते आणि आम्ही ते नाकारीत नाही. परंतु रक्कम थकलेली, मुदत संपत आलेली, मार्गदर्शकाला वेळ नाही आणि नोकरीसाठी पदवी तर हवी, अशा कोंडीत सापडलेला माणूस जवळची वाट शोधतो. वाईट प्रबंध हा वाईट परिस्थितीचा पुरावाही असतो. तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे : सर्वांनाच कायम नोकरी कशी मिळणार? नाहीच मिळणार. ब्रिटनच्या रॉयल सोसायटीच्या २०१० च्या अहवालात पीएच.डी. झालेल्या शंभरांपैकी विद्यापीठात कायम संशोधक होणारे साडेतीन आणि प्राध्यापकपदापर्यंत पोहोचणारा अर्धाही नाही, असा हिशेब होता. म्हणजे हे श्रीमंत देशांतही आहे. पण मग प्रामाणिकपणे हे दारातच सांगावे. शंभरांना एकाच खुर्चीचे स्वप्न दाखवायचे, त्यांच्या ऐन उमेदीच्या दहा वर्षांच्या कष्टांवर प्रयोगशाळा चालवायच्या आणि शेवटी खुर्ची न मिळालेल्यांना 'अयशस्वी' म्हणायचे, हा व्यवहार सचोटीचा नाही.

या व्यवहाराची किंमत मनाला मोजावी लागते. २०१८ मध्ये 'नेचर बायोटेक्नॉलॉजी' या नियतकालिकात २६ देशांतील सुमारे २,३०० जणांची, बहुतांशी पीएच.डी. करणाऱ्यांची, पाहणी प्रसिद्ध झाली. तीत नैराश्य आणि चिंताविकाराचे प्रमाण सर्वसाधारण लोकसंख्येच्या सहापटींहून अधिक आढळले. आपल्याकडे अशा मुलांना 'जास्त विचार करू नकोस' असा सल्ला मिळतो. तोही ज्यांचे कामच विचार करणे आहे त्यांना.

मग व्हावे काय? आमच्या मागण्या क्रांतिकारक नाहीत. अधिछात्रवृत्ती महिन्याच्या ठरलेल्या तारखेला मिळावी आणि उशिराची जबाबदारी देणाऱ्यावर असावी. तिची रक्कम महागाई निर्देशांकाशी जोडावी, म्हणजे दर चार वर्षांनी धरणे धरावे लागणार नाही. प्रवेश घेताना जो नियम होता तोच प्रबंध सादर करताना लागू राहावा. प्रयोगशाळेत अपघात झाल्यास संशोधकाला कर्मचाऱ्याइतकेच संरक्षण असावे. मार्गदर्शकाविरुद्ध तक्रार ऐकणारी समिती त्याच विभागातील सहकाऱ्यांची नसावी. पोस्टडॉकची वर्षे अनुभव म्हणून मोजावीत आणि वयाची अट काढावी. प्रत्येक विभागाने आपल्याकडून गेल्या दहा वर्षांत पीएच.डी. झालेले आज कोठे आहेत, याची यादी प्रवेशाच्या जाहिरातीसोबत छापावी. ही शेवटची गोष्ट करायला तर एक रुपयाही लागत नाही. संशोधन आणि विकासावर हा देश सकल उत्पन्नाच्या पाऊण टक्क्याहूनही कमी, २०२०-२१ च्या हिशेबाने ०.६४ टक्के, खर्च करतो. तो वाढला पाहिजे, यात शंका नाही. पण यांतल्या निम्म्या मागण्यांना पैसा नव्हे, शिस्त आणि आदर लागतो.

राहिली आपली, साहित्याच्या माणसांची, भूमिका. आपण गौरवपर लेख लिहितो, प्रास्ताविके करतो, सत्कारसमारंभात बोलतो. तेथे 'तपस्वी', 'साधक', 'व्रतस्थ' हे शब्द वापरण्यापूर्वी थोडे थांबावे, एवढेच आमचे सांगणे आहे. हे शब्द सुंदर आहेत, पण उपाशी राहणे हा तपाचाच भाग असतो, आणि तो भाग शब्दासोबत येतो. संशोधक 'काम' करतो, असे साधे वाक्य लिहावे. कामाला वेळ असते, मोबदला असतो, सुट्टी असते, तक्रार असते. दुसरे असे, की आपल्या विद्यार्थ्यांपैकी कोणी पलीकडच्या इमारतीतील मुलामुलींशी बोलून, त्यांच्यासोबत रात्रीच्या पाळीला बसून, त्यांचे जगणे लिहून काढील तर मराठी गद्यात एक मोठी जागा भरून निघेल. चांगदेवाला मराठीत भाषा मिळाली म्हणून त्याचे अस्थैर्य आपल्याला दिसले. प्रयोगशाळेतल्यांना ती अद्याप मिळायची आहे.